वणव्याचं मॉडेल: समीकरण सोपं, गवत अवघड

प्रश्न विचारणारा बेळगावात कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव जांबोटीच्या पुढं, खानापूर तालुक्यात. त्यानं लिहिलं आहे: "दरवर्षी शिमग्याच्या आगेमागे आमच्या डोंगराला वणवा लागतो. काजूच्या बागा होरपळतात, गवताच्या गंज्या जातात. लागलेला वणवा कुठल्या अंगाला आणि किती वेगानं सरकेल हे संगणकावर आधी काढता येतं का? मॉडेल कोणतं घ्यावं, डेटा कुठून आणावा? आणि गावाला 'तुमच्याकडे एवढी मिनिटं आहेत' असं सांगता येईल का?"

काढता येतं. मिनिटांच्या प्रश्नाकडे मी मागाहून येते, कारण त्याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. मी हे काम बरीच वर्षं करते आहे. पावसाळ्यात नकाशे आणि उपग्रहाची चित्रं, उन्हाळ्यात डोंगरावर पायपीट. तुमच्यासारखी पोरं पहिल्यांदा "कोणतं मॉडेल?" असंच विचारतात. मॉडेल निवडायला एक दुपार पुरते. गवत, पाला आणि वारं मोजण्यात उन्हाळेच्या उन्हाळे जातात. तुमच्या हाती एकच उन्हाळा आहे, आणि सबमिशनही नेमकं वणव्याच्या दिवसांत येतं. तेव्हा वेळ कशावर घालवायचा ते आधी ठरवू.

आज वापरात असलेल्या पुष्कळशा मॉडेलांच्या पोटात एकच समीकरण आहे. रिचर्ड रॉथरमेल हे मूळचे विमान-अभियंते. अमेरिकी वनसेवेच्या मिसूला (मोंटाना) इथल्या आग-प्रयोगशाळेत त्यांनी ते बसवलं आणि 1972 मध्ये प्रसिद्ध केलं. त्याची कल्पना अगदी घरगुती आहे. आग पुढं सरकते म्हणजे एकामागून एक काडी पेटत जाते. पेटलेल्या भागाकडून पुढच्या काडीला जी उष्णता मिळते ती अंशस्थानी. ती काडी पेट घेईपर्यंत तापवायला, तिच्यातलं पाणी उडवण्यासकट, जी उष्णता लागते ती छेदस्थानी. भागाकार केला की वेग येतो. वारा आणि चढ हे दोघे अंशस्थानी बसून वेग वाढवतात. ओल मात्र दोन्हीकडे हात घालते: खाली खर्च वाढवते आणि वर आगीचा जोर मारते.

हे कागदावर पटत नसेल तर एकदा करून बघा. फरशीच्या तुकड्यावर ओल्या मातीचा थर थापा आणि त्यात काडेपेटीच्या काड्या अर्ध्या बोटाच्या अंतरानं रांगेत खोचा. फरशी सपाट ठेवून पहिली काडी पेटवली तर चार-पाच काड्यांनंतर बहुधा रांग विझते. तीच फरशी एका बाजूनं विटेवर टेकवून खालची काडी पेटवा. ज्योत पुढच्या काडीच्या अंगावर लवते आणि रांग सर्रकन वर जाते. मग काड्या एका रात्रीच्या दवात ठेवून पुन्हा करा. रॉथरमेलच्या समीकरणातली चढाची आणि ओलीची पदं डोळ्यांनी दिसतात. अंगणात करा, शेजारी बादली ठेवा, आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

या समीकरणाच्या मर्यादा त्याच्या जन्मातच आहेत. इंधन, म्हणजे जळण्याजोगं गवत-पाला, सगळीकडे सारखं पसरलेलं आहे, आग एका ठरावीक वेगाला स्थिरावली आहे आणि ती जमिनीलगतच्या गवता-पाचोळ्यात-झुडपात चालली आहे, असं ते धरून चालतं. झाडांच्या शेंड्यांवरून पळणारी आग त्यात येत नाही, उडणाऱ्या ठिणग्याही येत नाहीत. आपल्याकडे पहिली उणीव फारशी नडत नाही. कॅनडाचे व्हिडिओ बघून आपल्या डोंगराची कल्पना करू नका. तिकडे सूचिपर्णी झाडं शेंड्यासकट पेटतात. आपल्याकडे ऐन, नाणा, किंजळ, साग यांची पानं गळून खाली पडलेली असतात आणि आग त्या पाचोळ्यातून, माळावरच्या गवतातून आणि रानमोडीच्या दाट झुडपांतून चालते. म्हणजे समीकरण आपल्या कामाचं आहे. अडचण त्याच्यात काय घालायचं ही आहे.

त्याला इंधनाचं वर्णन आकड्यांत लागतं: चौरस मीटरला किती किलो, किती उंचीचा थर, काडी किती बारीक, ओल किती टक्क्यांवर गेली की आग चालतच नाही. अमेरिकनांनी यासाठी तयार तक्ते केले. आधी 13 प्रकार होते, 2005 पासून 40 आहेत. त्यातलं "आखूड गवत" हे त्यांच्या पश्चिमेकडच्या कुरणांचं गवत आहे, आणि "रुंद पानांचा पाचोळा" म्हणजे त्यांच्या ओक-हिकरीचा. सागाचं पान ताटाएवढं. ते वाळून द्रोणासारखं वळतं, त्याच्याखाली हवा राहते, आणि अशी हजारो पानं एकमेकांवर सैल पडलेली असतात. रानमोडी तर त्या तक्त्यात नाहीच. आपल्या भागात गेल्या काही दशकांत तिनं आणि घाणेरीनं रस्त्यांच्या कडा, जुन्या कापणीच्या जागा आणि ओसाड खाचरं अडवली आहेत. जानेवारीपर्यंत रानमोडी हिरवी दिसते, फेब्रुवारीच्या मध्यापासून तिचे दांडे काडीसारखे मोडतात. उपग्रहाच्या चित्रात तिच्यावर झाडांची सावली असते, म्हणून वर्गीकरणात ती "जंगल" म्हणून निघते. जंगल म्हणून कमी वेग धरायचा आणि प्रत्यक्षात पुरुषभर उंचीची ज्वाळा निघायची, ही चूक मी स्वतः दोन हंगाम केली आहे.

म्हणून पहिलं काम: लोखंडी सळईची किंवा पीव्हीसी पाइपची 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट करून घ्या. ती डोंगरावर नेऊन निरनिराळ्या जागी टाका. आवडीची जागा निवडू नका. डोळे मिटून फेकलीत तरी चालेल. चौकटीतलं सगळं वाळलेलं गवत विळ्यानं मुळापासून कापा, पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि तिथंच वजन करा. नंतर कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवून पुन्हा वजन करा. समजा, डोंगरावर 420 ग्रॅम भरलं आणि वाळवून 390 राहिलं. पाणी 30 ग्रॅम, भागिले कोरडं वजन 390, म्हणजे ओल साधारण 7.7 टक्के. लक्षात घ्या, भागाकार कोरड्या वजनानं करायचा. इथं निम्मी पोरं ओल्या वजनानं भागतात आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

हा टक्का इतका महत्त्वाचा का? अमेरिकन तक्त्यात आखूड गवत 12 टक्के ओलीला विझतं, तर रुंद पानांचा पाचोळा 25 टक्क्यांपर्यंत आग चालू देतो. फाल्गुनातल्या सकाळी आपल्या घाटमाथ्यावर दव पडलेलं असतं. सात वाजता गवताला काडी लावली तर ते धुमसतं आणि विझतं. तेच गवत एक वाजता खडखडीत वाळलेलं असतं. बारीक काडी हवेशी ओल देवघेव करायला तास-दोन तास घेते, मनगटाएवढं लाकूड काही दिवस घेतं. मॉडेलला दिवसाची एकच ओल देणारे लोक सकाळचा वणवा उगीच पळवतात आणि दुपारचा दडपतात. मी तासातासाची ओल काढते, हवेचं तापमान आणि आर्द्रता यांवरून, आणि आठवड्यातून दोनदा चौकटीच्या मोजमापाशी ताडून बघते.

इंधनाचं वजन कळलं की आणखी एक उपयोगी गोष्ट निघते: आगीचा जोर. जॉर्ज बायरम यांचं 1959 चं सूत्र आहे. गवत जळून किलोमागं साधारण 18,000 किलोज्यूल उष्णता देतं. ती गुणिले चौरस मीटरमागं किलो, गुणिले आगीचा सेकंदाला मीटरमधला वेग. आपल्या चौकटीतलं 0.39 किलो घ्या आणि आग मिनिटाला 8 मीटर सरकते असं धरा. उत्तर येतं आगीच्या एका मीटर रुंदीमागं 930 किलोवॉटच्या आसपास, आणि त्यावरून ज्वाळेची लांबी 1.8 मीटर. आता सागाचा पाचोळा घ्या: चौरस मीटरला अर्धा किलो, पण वेग मिनिटाला फक्त 1 मीटर. जोर 150 किलोवॉट, ज्वाळ पाऊण मीटर. जगभरचा ठोकताळा असा आहे की 350 किलोवॉटपर्यंत माणूस हातातल्या साधनानं आगीच्या तोंडावर उभा राहू शकतो, त्याच्यापुढं नाही. म्हणजे तुमच्या गावची पोरं हिरव्या डहाळ्यांनी झोडपून सागातला वणवा विझवतात ते बरोबर आहे, आणि तीच पोरं माळावरच्या गवतात त्याच डहाळ्या घेऊन आगीच्या तोंडासमोर गेली तर ते जिवावरचं आहे. तिथं मागून किंवा बगलेनंच यायचं. कुठल्या पट्ट्यात आगीला तोंड देता येईल आणि कुठं माघार घ्यायची, हा नकाशा सरकण्याच्या नकाशाइतकाच कामाचा असतो, आणि प्रोजेक्टात तो कुणी करत नाही.

आता वारं. इथं माझी एक फजिती सांगते.

काही वर्षांपूर्वी कणकुंबीच्या बाजूच्या एका डोंगराला सकाळी अकराच्या सुमाराला वणवा लागला. मी शहरात होते. सांबऱ्याच्या विमानतळावरची वाऱ्याची नोंद घेतली, पूर्वेचं वारं, आणि मॉडेल चालवलं. मॉडेलनं आग पश्चिमेला, घाटाच्या कड्याकडे नेली आणि कातळावर संपवली. मी निर्धास्त. दुपारी दीडला आग पूर्वेला वळली, घळीतून वर आली आणि माथ्यावरच्या काजूच्या दोन बागा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन तिथं गेले. बागेजवळ एक वयस्क मामा जळक्या बुंध्याची साल खरवडून आत हिरवं आहे का ते बघत होते. त्यांना स्क्रीनवरचा बाण दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, ह्ये वारं कुठलं धरलासा? हितलं वारं बारापतोर खाली पडतंय. ऊन तापलं की घळीतनं उलटं वर चडतंय. पोराला इचारला असतासा तरी सांगितलं असतं."

त्यांनी सांगितलं ते हवामानशास्त्राच्या भाषेत असं: फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळपर्यंत देशावरचं कोरडं वारं घाटाच्या कडेवरून गोव्याकडे उतरतं. दुपारी कडा तापतो, समुद्राकडचं वारं पश्चिमेच्या घळींतून वर चढतं, आणि कड्यावर दोघांची गाठ पडते. विमानतळ शहराच्या पलीकडच्या अंगाला, उघड्या माळावर. तिथल्या यंत्राला घळीत काय चाललंय ते दिसण्याचं कारणच नाही. जागतिक हवामान मॉडेलांच्या चौकटी दहा ते पंचवीस किलोमीटरच्या असतात. त्यांच्या हिशेबी तुमची घळ, कडा आणि मागचा माळ ही एकच सपाट जागा. म्हणून डोंगराचा आकार घेऊन वारं वळवणारं वेगळं छोटं मॉडेल लागतं. मिसूलाचंच विंडनिंजा हे त्यासाठी मोफत आहे. आणि तरीही एक हातातला वारामापक घेऊन घळीच्या तोंडाशी, मध्यावर आणि माथ्यावर तीन दिवस सकाळ-दुपार उभे राहा. त्याला पर्याय नाही.

वाऱ्याची दुसरी गफलत उंचीची. हवामान केंद्रातला वारा 10 मीटर उंचीवर मोजतात, आग मात्र गुडघ्याएवढ्या उंचीवर असते. आग-मॉडेलांत गवताच्या वर 6 मीटरवरचा वारा धरून उघड्या माळासाठी त्याला साधारण 0.4 नं, तर दाट झाडीसाठी 0.1 च्या आसपास गुणतात. हा गुणक विसरला की जंगलातली आग माळावरच्या आगीसारखी धावते. पहिल्या वर्षीचे जवळजवळ सगळे प्रोजेक्ट इथं घसरतात.

चढाचं गणित त्यामानानं प्रामाणिक आहे, कारण डोंगर हलत नाही. 2000 सालच्या शटल-रडार मोहिमेतली 30 मीटर चौकटीची उंची मोफत मिळते, आपल्या कार्टोसॅट उपग्रहाचीही मिळते. ऑस्ट्रेलियाच्या मॅकआर्थर यांचा जुना ठोकताळा आहे: दर 10 अंश चढाला वेग दुप्पट. सपाटीवर मिनिटाला 8 मीटर चालणारी आग 20 अंशांच्या चढावर चौपट, म्हणजे 32 मीटर. बागेपासून 600 मीटर खाली आग लागली तर सपाट हिशेबानं सव्वा तास, चढाच्या हिशेबानं जेमतेम 19 मिनिटं. माणूस 20 अंशांच्या गवताळ चढावर किती वेळ धावू शकतो ते तुम्हाला ठाऊक असेल. मोंटानातच मॅन गल्च इथं 5 ऑगस्ट 1949 ला आग विझवायला उतरलेले 13 जण असेच गवताळ उतारावर वर धावताना गेले, आणि मिसूलाच्या प्रयोगशाळेमागं त्या घटनेची सल आहे. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर मार्च 2018 मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकर अडकले आणि वीसहून अधिक माणसं गेली. उतारावर खाली जाणारी आग हळू असते हे खरं, पण आपल्या कड्यांवर जळती लाकडं गडगडत खाली येतात आणि पायथ्याशी नवी आग लावतात, ती पुन्हा वर धावते. हे रॉथरमेलच्या समीकरणात नाही. मी ते हातानं घालते: तीव्र उतारावर नकाशातल्या जळत्या चौकटीच्या सरळ खालच्या चौकटींना थोडी पेटण्याची शक्यता देते.

वेग मिळाला की पसरवायचं कसं? हा भाग तुमच्या अभ्यासातला आहे, म्हणून आटोपते. मार्क फिनी यांनी 1990 च्या दशकात बांधलेल्या फारसाइट या प्रोग्राममध्ये आगीच्या कडेचा प्रत्येक बिंदू नव्या छोट्या आगीसारखा धरतात; प्रत्येकाभोवती वाऱ्याच्या दिशेनं लांबट लंबवर्तुळ, आणि सगळ्यांची बाहेरची कड म्हणजे नवी आघाडी. प्रकाशलहरींसाठी हायगेन्सनी वापरलेली युक्ती. ती सुंदर आहे, पण कडा एकमेकींत गुंतल्या की सोडवताना नाकी नऊ येतात. सर्वांत जवळचा मार्ग शोधायची डायक्स्ट्राची रीत तुम्ही शिकलाच आहात, तीच वापरा. प्रत्येक 30 मीटरची चौकट म्हणजे एक शिरोबिंदू, दोन चौकटींमधलं वजन म्हणजे आग पोचायला लागणारी मिनिटं. मिनिटाला 8 मीटर असेल तर पावणेचार मिनिटं, वर चढताना 32 असेल तर मिनिटाच्याही आत. वजन दोन्ही दिशांना सारखं नसतं हे विसरू नका. सर्वांत कमी वेळाचा मार्ग म्हणजेच आग पोचण्याची वेळ. फिनींचं नंतरचं फ्लॅममॅप याच तत्त्वावर चालतं. आठच शेजारी घेतलेत तर आग अष्टकोनी पसरते आणि परीक्षक हसतात, म्हणून निदान सोळा घ्या. पायथॉनमध्ये हे तीनेकशे ओळींत होतं. आधी स्वतःचं लिहा, मग फ्लॅममॅपशी ताडून बघा. उलटं केलंत तर बटणं दाबायला शिकाल, दुसरं काही नाही.

एका जागी मात्र सावध राहा: रस्ते आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच साफ करून ठेवलेल्या पट्ट्या. घाटरस्ता डांबराचा चार-पाच मीटर, वन खात्याची जाळरेषाही फार रुंद नसते, आणि तुमची चौकट 30 मीटरची. रस्त्याच्या चौकटी "न जळणाऱ्या" म्हणून रंगवल्या तर जिथं रस्ता तिरका जातो तिथं दोन चौकटी फक्त कोपऱ्याला टेकतात, आणि आग त्या कोपऱ्यातून तिरकी पलीकडे निसटते. मी एकदा अख्खी रात्र शोधत होते की आग रस्ता कुठं ओलांडते. ती फक्त माझ्या संगणकात ओलांडत होती. उपाय: रस्ता रेषा म्हणूनच ठेवा, दोन चौकटींना जोडणारी रेघ त्याला छेदते का बघा, आणि छेदत असेल तर ज्वाळेच्या लांबीवरून ओलांडण्याची शक्यता द्या. पाऊण मीटरची ज्वाळ चार मीटरचं डांबर सहसा ओलांडत नाही. दोन मीटरची ज्वाळ आणि मागून वारं असेल तर त्या डांबराचा भरवसा मी धरत नाही.

आता डेटा, आणि आपल्या सीमाभागाचं नेहमीचं दुखणं. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, 190 चौरस किलोमीटरचं. त्याची पश्चिम कड ओलांडली की गोव्याचं म्हादई अभयारण्य लागतं आणि उत्तरेला थोडं सरकलं की महाराष्ट्राचं चंदगड. मार्च 2023 मध्ये म्हादईच्या बाजूला दिवसेंदिवस वणवे पेटत होते, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. त्या दिवसांत मला जो नकाशा हवा होता तो तीन तुकड्यांत होता: एकावर गावांची नावं कन्नडमध्ये, दुसऱ्यावर कोकणी वळणानं, तिसऱ्यावर मराठीत, आणि वनप्रकारांची नावं तिन्हींत वेगळी. राज्याच्या सीमेवर नकाशातला इंधनाचा थर असा तुटत होता की मॉडेलमधली आग सीमेशी येऊन शिस्तीत थांबायची. तेव्हा एखाद्या राज्याच्या तयार थरावर विसंबू नका. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची 10 मीटरची चित्रं मोफत आहेत. साधारण पाच दिवसांनी नवं मिळतं. त्यांवरून तिन्ही बाजूंचा एकच थर स्वतः करा आणि सीमेच्या पलीकडे निदान पाच किलोमीटर जा.

आग कुठं लागते त्यासाठी भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची उपग्रहांवरून चालणारी सूचनासेवा आहे, 2004 पासूनची. मोबाइल नोंदवून आपला जिल्हा निवडता येतो. व्हीआयआयआरएस या उपकरणाची चौकट 375 मीटरची, मोडिसची 1 किलोमीटरची. सूचनेत येणाऱ्या ठिपक्यावरून आग नेमकी कुठं होती ते कळत नाही. तेवढ्या चौकटीत कुठंतरी होती एवढंच. आणि हे उपग्रह आपल्यावरून मुख्यतः दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात. आपला माळावरचा वणवा तीनला लागून सहाला संपतो, तो दोन फेऱ्यांच्या मधल्या मध्ये राहून जातो. यंत्राला हजारो वणवे दाखवून पसरणं शिकवायचं, असा मोह सध्या सगळ्यांना आहे. अमेरिकेत आठवडाभर जळणाऱ्या आगी आहेत, तिथं ते जमतं. आपल्या तीन तासांच्या, वीस-पंचवीस हेक्टरच्या वणव्यांवर शिकवायला चित्रंच नाहीत.

मॉडेल बरोबर की चूक हे जळलेल्या डागावरून ठरतं. सेंटिनेलच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रांतल्या जवळच्या अवरक्त आणि लघुतरंग अवरक्त पट्ट्यांच्या फरकानं डाग उठून दिसतो. पण घाई करा. गवताचा डाग वळवाचा एक पाऊस पडला की पुसला जातो, आणि झाडाखालून सरकलेली आग वरून दिसतच नाही, त्यासाठी जीपीएस घेऊन कडेनं चालावंच लागतं. तुलना अशी: मॉडेलचा डाग 60 हेक्टर, खरा 48, दोघांत सामाईक 36. सामाईकच्या दुपटीला बेरजेनं भागा: 72 भागिले 108, म्हणजे 0.67. पहिल्या वर्षी एवढं आलं तर पेढे वाटा. 0.95 आलं तर बहुधा खरा डाग बघून वारं जुळवलेलं असतं.

आता मिनिटांचं. एका वणव्याला एक आकडा काढून "19 मिनिटं" असं गावाच्या ग्रुपवर टाकू नका. ओल दोन टक्क्यांनी आणि वाऱ्याची दिशा तीस अंशांनी इकडेतिकडे केली तर त्या 19 ची 12 होतात किंवा 50. मी त्याच डोंगरावर ओल, वारं आणि सुरुवातीची जागा बदलत मॉडेल हजार वेळा चालवते. सुरुवातीच्या जागा पायवाटा, रस्त्याच्या कडा आणि बागांच्या कुंपणांजवळ धरते, कारण फाल्गुनात आपल्याकडे वीज पडून वणवा लागत नाही. तो माणसाच्या हातून लागतो, कधी कोवळ्या गवतासाठी, कधी बाग साफ करताना, कधी मधासाठी केलेल्या धुरामुळे. प्रत्येक चौकट हजारांपैकी किती वेळा पेटली आणि सर्वांत लवकर किती वेळात, हे मोजते. गावाला सांगायचं ते या नकाशावरून: ही घळ आणि ही खिंड जवळजवळ प्रत्येक वेळी पेटते, दुपारी बारानंतर इथं आग दिसली तर माथ्यावरच्या बागेत थांबू नका, आणि जाळरेषा काढायची तर घळीच्या तोंडाशी काढा. ती डिसेंबर-जानेवारीतच काढायला हवी, दव असताना, वन खात्याच्या माणसांना बरोबर घेऊन. अभयारण्याच्या हद्दीत तर त्यांच्याशिवाय काडीही लावायची नाही. लागलेल्या वणव्यामागं लॅपटॉप घेऊन धावणं मी सोडून दिलं आहे. माझं मॉडेल सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते पौषात, एका देवळाच्या कट्ट्यावर, वीस मीटरची पट्टी कुठून कापायची यावर तासभर वाद चालला होता तेव्हा. त्या वादात मामांनी दाखवलेली घळ आणि नकाशावरची सर्वांत लाल घळ एकच निघाली. पट्टी तिथं कापली.

तुम्ही सुरुवात सळईच्या चौकटीपासून करा. वीस जागा पुरेत: आठ माळावर, सहा सागात, सहा रानमोडीत. वजनकाटा 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या आणि वाऱ्यापासून आडोशाला ठेवून वजन करा. गावातल्या किराणा दुकानातला काटा उसना घेऊन जाऊ नका. माझ्या पहिल्या उन्हाळ्याचे सगळे ओलीचे आकडे त्याच्यापायी टाकून द्यावे लागले.